हातमोज्याच्या आतला डाग

लग्नानंतर दोन महिन्यांनी प्रयोगशाळेत माझ्या मनगटाला एक डाग लागला, आणि त्यानंतरचे आठ महिने मी जितकी घाबरले तितकी आयुष्यात कधी घाबरले नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नाशिकच्या एका कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवत होते. सासर मखमलाबादकडचं, गुलाबाच्या मळ्याचं. सासूबाईंचा नियम होता की चुड्याची बांगडी आपणहून वाढेपर्यंत, म्हणजे फुटेपर्यंत, काढायची नाही. प्रयोगशाळेचा नियम होता की हातात काही घालून काम करायचं नाही. मी मोठी शहाणी! बांगड्यांवरूनच रबरी हातमोजा चढवला. टेबलाच्या कडेवर हात आपटला, एक बांगडी पिचली आणि काचेनं मोजाही फाडला, कातडीही. ते माझ्या लक्षातच आलं नाही. डीएनए दिसावा म्हणून एक लाल रंग वापरतात, त्या रंगाच्या पाण्यात मी तो हात बुडवला. कळलं ते अतिनील दिवा लावल्यावर. डीएनएच्या पट्ट्या त्या उजेडात नारंगी चमकतात. त्यांच्याशेजारी माझं मनगटही चमकत होतं.

घासून घासून धुतलं. घरी कोणाला बोलले नाही, कारण नोकरी सोड म्हणाले असते. तीन आठवड्यांनी कळलं की मला दिवस गेलेत. मागे मोजून पाहिलं, तर डाग लागला त्या दिवशी पोटात बाळ होतंच.

न शिकलेली असते तर बरं झालं असतं, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं. तो रंग डीएनएच्या शिडीत, दोन पायऱ्यांच्या मधे जाऊन बसतो. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आधी त्या शिडीची पूर्ण नक्कल करावी लागते. हेलिकेज नावाचं एन्झाइम शिडी मधोमध उसवत जातं. पॉलिमरेज प्रत्येक अक्षरासमोर, म्हणजे उसवलेल्या अर्ध्या पायरीसमोर, त्याच्या जोडीचं अक्षर बसवतं, एका बाजूला सलग, दुसऱ्या बाजूला तुकड्यातुकड्यांनी, आणि ते तुकडे लायगेज सांधतं. पॉलिमरेज चुकलं तर थबकतं, मागे येतं, चुकीचं अक्षर काढून टाकतं आणि पुन्हा पुढे निघतं. त्यातूनही निसटलेली चूक शोधायला मागून वेगळी एन्झाइमं येतात. पण पायऱ्यांच्या मधे परकं काही घुसून बसलं असेल तर? एखादं अक्षर जास्तीचं पडतं नाहीतर गळतं, आणि पुढचं सगळं वाचन सरकतं. माझ्या पोटात त्या वेळी रोज लाखो नकला होत होत्या.

त्या वर्षी हा धडा वर्गात मलाच शिकवायचा होता. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, दोनदा तपासूनही चूक राहिली तर?"

"मग ती पुढच्या प्रत्येक नकलेत जाते," मी म्हणाले आणि बाहेर जाऊन ओकले. वर्गाला वाटलं, दिवसच तसे आहेत.

विभागातल्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, रंग पातळ होता, एवढ्यानं काही होत नाही. सोनोग्राफी करणारे डॉक्टरही म्हणाले, सगळं नीट आहे. पण त्यांना हातपाय दिसत होते, अक्षरं कुठे दिसत होती?

आठव्या महिन्यात मला सोसेना. दुपारी ओट्यावर सासूबाई गुलाबाच्या जुड्या बांधत होत्या, तिथे बसून मी सगळं सांगून टाकलं. आता खरडपट्टी निघणार, असं धरूनच चालले होते. त्यांनी हातातली जुडी बांधून बाजूला ठेवली.

"तुझ्या नवऱ्याच्या आधी मला एक पोरगी झाली होती," त्या म्हणाल्या. "अकरा दिवसांची गेली. पोटुशी असताना गुलाबावर मीच औषध मारायची, पंप पाठीला लावून. लय उग्र वास यायचा. आजवर कोणाला बोलले नाय." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू शिकलेली हायेस. सांग, माझ्या पंपानंच गेली का ती?"

मला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत असणं शक्य नव्हतं. मी त्यांना पेशी दोनदा कशी तपासते ते सांगितलं, आणि ठामपणे म्हणाले, "नाही आई, पंपानं नाही." जे मला इतके महिने पटलं नव्हतं, ते त्यांना पटलं.

"मग तुझ्या पोराला तरी काय व्हायचंय?" त्या म्हणाल्या.

त्यानंतरचा महिना सगळ्यात वाईट गेला. माझ्या बाळात काही उणं निघालं असतं, तर माझं उत्तर खोटं आहे हे त्यांना कळलं असतं, आणि मग ती अकरा दिवसांची पोर त्यांनी जन्मभर स्वतःच्या पाठीवर वाहिली असती. मी आता बाळासाठी आणि त्यांच्यासाठीही घाबरत होते.

कळा सकाळी सुरू झाल्या आणि दुपारी मुलगी झाली. सासूबाई आत आल्या. मुलगा की मुलगी, हे त्यांनी विचारलंच नाही.

"नीट हाय ना?"

"नीट आहे, आई."

त्यांनी दुपटं उलगडून बाळाला टाळूपासून टाचेपर्यंत पाहिलं, तिला माझ्या कुशीत ठेवलं, आणि खाली फरशीवर बसून हुंदके देऊन रडू लागल्या. नर्सनं वळून पाहिलं आणि ती चिडून म्हणाली, "काय हो आजी, मुलगी झाली म्हणून रडतात का?"