घालणाऱ्याचं माप

बाबा देवास गेटजवळच्या एका कपड्याच्या दुकानासाठी शिवायचे. माप दुकानदारच सांगायचा. घालणारा माणूस बाबांनी कधी पाहिलाच नाही. शर्ट तंग झाला की परत आमच्या घरी. "मास्टर, ऐसा थोड़ी बोला था!" बाबा गप्प उसवायचे, फुकट पुन्हा शिवायचे, आणि त्या आठवड्यात आई दूध बंद करायची. बाबांचं एकच मागणं असे: "सेठ, गिऱ्हाइकाला एकदा पाठवा, कच्ची शिलाई अंगावर घालून बघू." सेठ हसायचा. त्या हसण्याचा राग मला अजून येतो.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. माधव नगरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ग्राहकाला काय हवं ते विचारायचं आणि टीमला सांगायचं, हे माझं काम. एका खाजगी दवाखान्यात रुग्णांची नोंदणी करायच्या सॉफ्टवेअरचं काम आलं. दर दोन आठवड्यांनी झालेलं काम दाखवायचं, चुकलं असेल ते सुधारायचं. पण दाखवायचं कुणाला? दवाखान्याच्या मॅनेजरला. काउंटरवरच्या बायकांना तो बैठकीत येऊच देईना. "मॅडम, उनको क्या समझता है? मैं बता रहा हूँ ना!"

तो म्हणेल तसं आम्ही करत गेलो. तिसऱ्यांदाही त्यानंच तोंड वाकडं केलं. "ऐसा थोड़ी बोला था! काउंटरवाले चला ही नहीं पा रहे. अब की बार नहीं हुआ तो काम वापस."

तेच वाक्य. माझं डोकंच फिरलं.

आमचे सर कानाशी पुटपुटले, "ऐकून घे गं, क्लायंट आहे."

"माझ्या बाबांनी जन्मभर ऐकून घेतलं, सर. मी नाही घेणार."

मग मॅनेजरला तोंडावर सांगितलं, काउंटरवाली दीदी समोर बसेपर्यंत आम्ही पुढचं काही करणार नाही.

"धमकी दे रही हो?"

"नहीं सर, नाप ले रही हूँ."

काम हातचं जाईल, अशी सरांना भीती. शेवटी दोन दिवसांनी मॅनेजरचाच फोन आला, "मिल लो दीदी से." मी कागदावर पेन्सिलनं स्क्रीन काढून थेट काउंटरवर नेली. दीदीनं पहिल्याच चौकटीवर बोट ठेवलं. "पहले मोबाइल नंबर? गाँव की अम्मा के पास फोन ही नहीं, तो आगे कैसे बढ़ूँ? अपना डाल दूँ?" ती हसली. मला हसू आलं नाही. ती चौकट मॅनेजरनंच सक्तीची करायला लावली होती, आणि इतके आठवडे हिला विचारायची आम्हाला बंदी! तिथंच खोडलं, तिथंच नवं काढलं.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "म्हणजे कच्ची शिलाईच की!"

ते काम बाबांच्या शर्टांसारखं उसवायला परत आलं नाही. आता आमच्या ऑफिसात वापरणारा माणूस समोर बसल्याशिवाय कुठलंही काम सुरू होत नाही. हा नियम मी लावला.