अर्जावरचा विषय

मैत्रिणींनो, आपली फिरती वही आज माझ्याकडे आली आहे, तर आजचंच लिहिते.

सकाळी वडिलांबरोबर, म्हणजे आबांबरोबर, धुळ्याला गेले होते. विलायतेत एम. ए. करायला शिष्यवृत्ती मिळाली होती ती माझ्या भावाला, अर्थशास्त्रासाठी. उन्हाळ्यात तो विषमज्वराने गेला. मीही बी. ए. झालेली, म्हणून शिष्यवृत्ती देणाऱ्या मंडळींनी आता ती मला देऊ केली आहे.

त्यांच्या कचेरीतल्या कारकुनाने अर्ज पुढे ठेवला. विषयाची जागा कोरी होती.

"तुना भाऊना विषय लिख, बेटा," आबा हळूच म्हणाले.

मी 'समाजशास्त्र' लिहिलं. काहीच वाटलं नाही. एरवी आबा रागावतील म्हणून हा शब्द घरात उच्चारायचीसुद्धा मला भीती वाटायची. आबांनी तो दोनदा वाचला आणि खाली सही केली.

परत येताना नरडाण्याच्या स्टेशनवर जळगावच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. बऱ्याच वेळाने आबांनी विचारलं, "काय शे ते समाजशास्त्र? माले बी सांग."

मी सांगत राहिले. माणसं एकत्र कशी राहतात, लग्नं कशी जुळवतात, गेलेल्याचं सुतक कसं पाळतात. सुतकाशी आले तेव्हा आबांनी उपरणं डोळ्यांना लावलं. मी मात्र पुढचं सांगत गेले, परीक्षेत उत्तर द्यावं तसं.

दोन महिन्यांनी बोट आहे. भाऊ गेल्यापासून मी रडलेली नाही, आजही नाही. तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का? मग रडू कधी आलं?