पहिल्या गुलाबाचं पाणी

आमच्या घरी मोसमातलं पहिलं गुलाबाचं फूल केसांत माळत नसत. माय ते बुद्धाच्या मूर्तीपुढे ठेवायची आणि संध्याकाळी पाकळ्या पिण्याच्या माठात सोडायची. मग घरातला जो पाणी पिईल त्याला फुलाचा वाटा मिळायचा. भांडण नाही.

माझी शाळा आठवीत सुटली. पुढे लग्न होऊन भंडाऱ्याकडचं गाव सोडलं, तेव्हा मायनं त्या झाडाची एक काडी ओल्या फडक्यात बांधून दिली. इथे छत्तीसगढात, नवऱ्याच्या पोलाद कारखान्याच्या रुआबांध्यातल्या क्वार्टरमागे ती जगली. मग गावी घरापुढे नाली खोदली, त्यात मायचं झाड गेलं. आता इथलं तेवढंच उरलं होतं. प्लांटची लाल धूळ बसली की मी पान न् पान पुसायची, पण कात्री कुणाला लावू द्यायची नाही. झाड नुसतंच उंच, काटकुळं झालं. गेल्या हिवाळ्यात एकही कळी आली नाही.

माय फोनवर विचारायची, "फुललं का वो?"

"नाही माय."

"येते वो. घाई कायची हाय?"

घाई तिलाच होती. गुडघ्यांमुळे तिचं इकडे येणं बंद झालं होतं.

यंदा दसऱ्यानंतर मी बाजारातून आले, तर शेजारच्या छत्तीसगढी काकी आमच्या बागेत कात्री घेऊन उभ्या, आणि झाड गुडघ्याएवढं. मी पिशवी तिथंच टाकून रडू लागले.

"काबर रोथस, नोनी?" काकी म्हणाल्या. "नइ काटबे त फूल कहां ले आही?" रडतेस कशाला पोरी, कापल्याशिवाय फूल येणार कुठून, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी त्या दिवशी जेवले नाही, फोनवर मायला काकींनी झाड कापल्याचं सांगितलं तेवढं. नवरा म्हणाला, "झाड कापलं हाय, मायले नाही." हसवायलाच म्हणाला होता, पण मला अजूनच रडू आलं.

मग लाल कोंब फुटले. एक कळी धरली. तिच्या हिरव्यातून गुलाबी रेघ दिसली तसा माझ्या जिवाला घोर लागला. माकडं येतील, पोरं तोडतील. थंडीतल्या एका सकाळी पाकळ्या सैल झाल्या आणि मी समोर पाट टाकून बसले. फूल उमलताना दिसत नाही. नजर चुलीकडे जाऊन परत आली की कळतं, आता थोडं अधिक. ऊन भिंतीवरून खाली येईस्तोवर ते उघडलं. तोच वास, मायच्या अंगणाचा.

मायला व्हिडिओ कॉल लावला. माय पडद्यावर वाकली. मग म्हणाली, "जवळ ने वो." मी इतका जवळ नेला की पाकळी फोनला टेकली. तिकडे तिनं डोळे मिटून श्वास ओढला.

"वास येते का?" मी खुळ्यासारखं विचारलं.

"कुठचा येते! तरी पाहून राहिली."

"माठात टाकू का? पण घरचे तर सारे तिकडं."

"कावून, तिथं कोणी पाणी पेत नाही काय? टाक. अन् जिनं कापलं तिले पयले दे."

दुसऱ्या दिवशी पहिला गडवा काकींकडे नेला. "येमा का गिरगे, नोनी?" म्हणत त्यांनी पाण्यात काय पडलंय ते बोटानं चाचपलं. मी सांगितलं. त्यांनी पाणी संपवलं आणि पाकळीही चावून खाल्ली.

घरी येऊन मी आमचे पेले भरले. एक जास्तीचा भरला गेला, मायच्या वाट्याचा. तो दिवसभर ओट्यावर होता. संध्याकाळी मी तो गुलाबाच्या मुळाशी ओतला.