लायब्ररीतलं हळदीकुंकू

शैलजाबाईंच्या साठीनिमित्त निघणारा हा ग्रंथ त्यांच्याच ऑनलाइन लायब्ररीत ठेवणार आहेत, असं ऐकते. म्हणजे तुमच्यातले निम्मे तो वाचणारच नाहीत, कारण पासवर्ड विसरला असाल. काल विचारून घेतला, आज विसरलात, उद्या पुन्हा बाईंना फोन. पदव्या घेतलेली माणसं तुम्ही. मला अक्षराची ओळखच नाही, त्यामुळं विसरायला काही नाही. मी सांगते आहे आणि माझी नात अश्विनी तिच्या बोलक्या फोनमध्ये लिहून घेते आहे. मध्ये मध्ये ती माझी भाषा धुऊन इस्त्री करते, त्याला माझा इलाज नाही.

बाईंची आणि माझी पहिली गाठ भांडणातच पडली. आम्ही सीमाभागातल्या वडगावचे विणकर. अश्विनीला जन्मापासून अंधुक दिसतं. समोर माणूस आहे एवढं कळतं, चेहरा कळत नाही. तशात ती इतिहासाच्या एम.ए.ला विद्यापीठात गेली. तिथल्या फाटकापासून बसस्टॉपपर्यंतचा रस्ता लांब, झाडीचा, आणि खांबांवर दिवे नावाला. एका संध्याकाळी मोटरसायकलवरच्या दोघांनी तिची ओढणी ओढली. पोर पडली, गुडघे फुटले. कोण होते ते तिला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, शिक्षण पुरे, घरात बस. त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

आठवडा झाला नसेल, तोच विद्यापीठाच्या ग्रंथपाल शैलजाबाई दारात उभ्या. मूळच्या निपाणीच्या, बोलणं तिथल्या तंबाखूसारखं.

"आजी, अश्विनी येईना झाली."

"येणार बी न्हाय. रस्ता नीट करा, मग धाडते."

"करू की."

"कधी? तिला नातवंडं झाल्यावर?"

बाई हसल्या नाहीत. चहा घेतला आणि गेल्या. मला वाटलं, सुटले.

पुढच्या खेपेला त्यांनी अश्विनीच्या फोनमध्ये सगळी लायब्ररी घालून दिली. पुस्तक उघडायचं, फोन वाचून दाखवतो. जुन्या पुस्तकांची पानं फोनला वाचता येत नव्हती, ती बाईंनी विद्यार्थ्यांना बसवून मोठ्यानं वाचून घेतली, काही स्वतः वाचली. तेव्हापासून आमच्या घरात एका बाजूला माग, दुसऱ्या बाजूला बोलका फोन. मराठ्यांचे तह ऐकून ऐकून माझं डोकं उठलं. तरी मी खूश होते. बाईंना म्हटलं, "लई चांगलं केलासा. आता हिला भाईर पडायची गरजच न्हाय. परीक्षेपुरती रिक्षानं धाडते."

त्या दिवशी बाईंना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं.

"आजी, पुस्तक घरी आणलं ते पोरीला कोंडायला न्हाय. ताप आला, बस चुकली, तर अडू नये म्हणून आणलं. वर्गात ती सरांना उलटे प्रश्न विचारती. फोनला काय विचारणार?"

"आणि परत पडली तर?"

"रस्त्याचं बघते म्हटलं न्हवं?"

बघत होत्याच. दिव्यांसाठी रोज विद्यापीठाच्या कचेरीत साहेबांकडं जात. "नाळे बन्नि" म्हणजे उद्या या, एवढंच कानडी त्यांना तिथं ऐकायला मिळे. बाई उद्या पुन्हा जात. त्यांच्या त्या जाण्याचा वैताग मला यायला लागला. शिवाय संध्याकाळी सुटणाऱ्या मुली गोळा करून त्यांना स्वतः स्टॉपपर्यंत सोडत आणि मग एकट्या परत फिरत, हेही अश्विनीच्या मैत्रिणींकडून कळलं.

मग संक्रांत आली आणि बाईंचा निरोप आला, यंदा हळदीकुंकू लायब्ररीत, मुलींच्या आया-आज्यांनी यायचंच. मी म्हटलं, "माझा मालक जाऊन किती वर्सं झाली. मला कशाला बोलावतासा?"

"अंधार काय कपाळ बघून पडतो, आजी? या."

गेल्यावर त्यांनी सगळ्यांच्या आधी कुंकू लावलं ते मला. यावर जास्त सांगत नाही. अश्विनी रडकी आहे, लिहायची थांबेल.

येळ्ळूर, शहापूर, पार संकेश्वरहून बायका आल्या होत्या. तिळगूळ झाला, उखाणे झाले, पण बाई काही सोडेनात. "आक्का, आणखी एक उखाणा." मग चहा, तोही उशिरा. शेवटी वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात एकेक शिट्टी. येळ्ळूरच्या आक्का म्हणाल्या, "वाटी-चमचा परवडला न्हाय व्हय, बाई?"

बाहेर पडलो तर काळोख. नऊवारी लुगडी, दुखरे गुडघे, आणि पायाखालचं दिसेना. एकीचा पाय खड्ड्यात, दुसरीचा तिसरीच्या पदरावर. तेवढ्यात मागून मोटरसायकल आली, हॉर्न वाजवत, नागमोडी. पुढं पोरी चालल्यात असं त्याला वाटलं असावं. आक्कांनी शिट्टी फुंकली, मग आम्ही सगळ्यांनी फुंकल्या. गाडी तिथंच आडवी टाकून तो झाडीत पळाला. आम्ही स्टॉपकडं गेलोच नाही, उलट्या फिरलो आणि थेट कचेरीतल्या त्या साहेबांच्या आवारातल्या बंगल्यावर. मी कानडीत काय बोलले ते लिहायला अश्विनी तयार नाही. साहेब बिचारे "नाळे" म्हणायला गेले, तर पुन्हा शिट्ट्या.

चार दिवसांत रस्ताभर दिवे लागले. फाटकाशी शेवटच्या बसपर्यंत पहारेकरी बसू लागला. मी बाईंना गाठलं.

"अंधार हाय हे तुम्हांस्नी ठाऊक हुतं. मुद्दाम उशीर केलासा."

"मला रोजच ठाऊक हुतं, आजी. साहेबांच्या दारात जायला तुम्ही पायजे होता."

माझा गुडघा महिनाभर सुजला होता, त्याची माफी अजून दिलेली नाही. रस्ता नीट करा म्हणून मीच अडून बसले होते, आणि बाईंनी तो माझ्याच हातून नीट करून घेतला. मग पोरीला धाडत नाही असं म्हणायला मला तोंड कुठं राहिलं? अश्विनी परत गेली, एम.ए. झाली, आता तिथंच पीएच.डी. करते आहे. शिट्टी पर्समध्ये असते.

बाई आता निवृत्त होणार म्हणे. ही बाई घरी गप बसेल यावर माझा विश्वास नाही. माझ्यासारखी दार लावून बसलेली दुसरी कुणी म्हातारी शोधतील आणि तिचा जीव खातील. त्यासाठी देवानं त्यांना भरपूर आयुष्य द्यावं, गुडघे धड ठेवावेत आणि साखर ताब्यात ठेवावी.

म्हणून समारंभाला खडेबाजारातून खव्याच्या कुंद्याचे डबे आणू नका. बाईंना नाही म्हणवत नाही, मग खातात. ज्वारीच्या भाकरी आणि मेथीची भाजी आमच्या घरून अश्विनी घेऊन येईल. संध्याकाळच्या बसनं, स्टॉपवरून चालत, एकटी. तुम्ही फक्त शेंगाची चटणी धाडा, लसूण जास्त घालून, आणि गाडग्यातलं घट्ट दही.