भट्टीवाल्या रेवारामचे नाक

१९१८ च्या दिवाळीच्या सुमारास मानमोडीच्या तापाने गोंदियाजवळच्या मुर्री गावातली चौदा माणसे नेली. रेवाराम वाचला, पण तापातून उठला तो वास हरवून.

दुसऱ्या कोणाचे एवढे बिघडले नसते. रेवाराम गोंदियाच्या एका बिडी कारखान्यात भट्टीवर होता. वळलेल्या बिड्या तारेच्या जाळीत रचून निखाऱ्यावर शेकायच्या. ओल गेली की पान आणि तंबाखू मिळून एक वास सुटतो; त्या क्षणी जाळी उतरवायची. आधी उतरवली तर बुरशी येते, उशीर झाला तर पान करपते. मी तिथे हजेरीपट लिहीत असे. पानाची ओल रोज वेगळी, त्यामुळे घड्याळ तिथे निरुपयोगी होते.

कामावर परतला त्याच दिवशी दोन जाळ्या करपल्या. कारखान्याचे मालक दुलीचंद शेठ म्हणाले, "होली तक मंगरू सूंघेगा, तू कोयला डाल. तब तक नाक नहीं आई, तो भट्टी उसकी."

मंगरू काल-परवापर्यंत रेवारामच्या हाताखाली कोळसा टाकायचा.

मग उपचार सुरू झाले. वैद्यांनी महिनाभर नाकात कोमट तूप सोडले. दवाखान्यातल्या कंपाउंडरने झोंबणारे औषध हुंगायला दिले. दरेकशाहून सासू धुरपताबाई कसलासा जंगली पाला घेऊन आली आणि जावयाला घोंगडीखाली धुरात बसवले.

"वास आला का, बापू?"

"डोळे चालले, मामी. नाक होतं तसंच हाये."

"अजून थोडं बसा."

"सकाळपासून बसूनच राहिलो. एवढ्यात कोंबडं शिजलं असतं."

रस्त्यात भेटेल तो काहीतरी नाकाशी धरायचा. कांदा, रॉकेलची चिंधी, एकाने तर जोडा धरला. "काऊन हुंगू?" रेवाराम चिडायचा. "साऱ्या गावानं माह्या नाकात बाजार भरवला."

माघात नाक जागे झाले, पण भलतेच. भाताला ओल्या कुत्र्याचा वास येई, फोडणीला रॉकेलचा. बायको फुलवंता दुखावली. "सोळा वर्षं माह्या हातचं खाल्लं, आता कायले थुकता?" तिला समजावून तो थकला.

कारखान्यात याहून वाईट झाले. मंगरूने उत्तम शेकलेली जाळी उतरवली आणि रेवारामला जळक्या केसांचा वास आला. बिड्या पेटल्या असे समजून त्याने बादलीभर पाणी ओतले.

"दादा, चांगल्या होत्या ना," मंगरू म्हणाला.

त्यानंतर रेवाराम गप्प झाला. मला वाटले, हरला. पण कोळसा टाकताना तो दर जाळीशी रेंगाळायचा. मंगरूने जाळीला हात घातला की मान हलवायचा. पुढेपुढे ती मान मंगरूच्या हाताच्या आधी हलू लागली.

होळीच्या आदल्या दिवशी शेठ स्वतः भट्टीपाशी आले. मंगरूला बाहेर उभे केले. रेवारामने जाळी चढवली, तोंड वाकडे करून उभा राहिला आणि एकदम उतरवली. शेठनी एक बिडी मोडून पाहिली, दुसरी पेटवली.

"आ गई नाक?"

"नाही आली, शेठ. बिडी झाली की जळक्या केसाची घाण येते. ती आली की उतरवतो."

"पक्का?"

"आठ दिवसांपासून मंगरूशी ताडून पाहून राहिलो. एकदाही चुकली नाही."

शेठनी आणखी दोन जाळ्या त्याच्याकडून उतरवून घेतल्या आणि मग मंगरूला हाक मारून कोळशाचे घमेले दाखवले.

संध्याकाळपर्यंत वैद्य बाजारात आपल्या तुपाचे गुण सांगत होते, आणि कंपाउंडर दवाखान्यात आपल्या औषधाचे. दुसऱ्या दिवशी रेवारामने मला जेवायला बोलावले. फुलवंताने पुरणपोळी वाढली. त्याने डाव्या हाताने नाक दाबले आणि उजव्या हाताने घास घेतला.

फुलवंता बघत राहिली. "बिडी समजली तुमाले," ती म्हणाली. "माही पोळी कधी समजन?"