गेटाचा खटका

"विहान कुठंय?"

पावण्यांतल्या ताईंनी आसं इचारलं आन् माझा हात भज्याच्या पिठातच ऱ्हायला. मग त्यांची सासू म्हणली, "तुझ्यापाशी होता की गं!" त्यांचा नवरा अनवाणीच अंगणात पळाला. विहान — विहान — एक जण गाडीखाली वाकून बघतोय, एक जण बाथरूमचं दार वाजवतोय, सासूबाई रस्त्याच्या फाटकाकडं निघाल्या. टाकीकडं कुणीच गेलं न्हाई. का जातील? टाकीचं गेट लागलेलं दिसत व्हतं.

मला एकटीला ठावं व्हतं, ते लागलेलं न्हाई.

हे मी आजपातूर कुणाला बोलले न्हाई. नवऱ्याला न्हाई, माहेरी आईला न्हाई, देवापुढं बी मनातल्या मनात पुरतं बोलले न्हाई. तुमाला पयल्यांदा सांगतीया. सातवी शिकले मी, लिहिताना चुका व्हतील. त्या चुका सोडून द्या — दुसरं कायी सोडू नका.

मुळशीत धरणाच्या अंगाला एक बंगला हाय. मॅडम पुण्यात ऱ्हातात, बंगला आमी सांभाळतो, मी आन् माझा नवरा. शनवार-रईवारी लोकं एका दिसापुरती येतात, मारुंजी-हिंजवडीकडची, कंपनीत कामाला आसलेली. त्यांना डोंगर नको आस्तो का धरण नको आस्तं. त्यांना पोहायची टाकी पायजे. ती पूल म्हणतात, आमी आपली टाकीच म्हणतो. नवरा झाडं बघतो, टाकीचं पाणी बघतो. सैपाक माझा, झाडलोट माझी. आन् गेट माझं.

टाकीभवती लोखंडी गजांचं कुंपण हाय, माझ्या खांद्याला लागंल एवढं. दोन गजांत लेकराचं डोकं जाऊ नये एवढीच फट. मिस्त्री ते बसवायला आला तवा त्यानं मला म्होरं उभं करून शिकवलं. वहिनी, कुंपणाला चिकटून खुर्ची ठेवायची न्हाई, कुंडी न्हाई, पालथी बादली न्हाई, लेकरं चढत्यात. गेट बाहेरच्या अंगाला उघडतं. रोज सकाळी वीतभर उघडायचं आन् हात सोडायचा. स्प्रिंगनं आपलं आपण मागं गेलं पायजे आन् खटका वाजला पायजे. "हे गेट डोळ्यानं बघायचं नसतं, कानानं ऐकायचं आस्तं. खटका वाजला न्हाई तर उघडंच समजा." आन् वर म्हणला, "सासूचं न्हाई ऐकलं तरी चालंल, ह्याचं ऐका." माझी सासू तितंच उभी व्हती. ती बी हसली.

मॅडमनी तर नियमच केला. रोज सकाळी गेटाचा व्हिडिओ पाठवायचा, खटक्याच्या आवाजासकट. मी पाठवायची. त्या अंगठा पाठवायच्या. एक दीस चुकला न्हाई.

मग काय चुकलं? — सांगते. सांगते, थांबा.

माझी तनू तवा सात म्हैन्यांची. मागच्या व्हरांड्यात साडीची झोळी बांधलेली, तितनं गेट धा पावलांवर. दिसातनं मला ईसदा टाकीकडं जावं लागायचं. पानं काढायची, टावेल उचलायचे, फरशी धुवायची. आन् त्यो खटका काय साधा वाजतो? खाडकन वाजतो, लोखंडावर लोखंड. दर बारीला तनू दचकायची. दोन्ही हात वर करून, डोळे फाडून, मग त्वांड निळं पडंस्तवर रडायची. मी झोळी हलवायची, झोपवायची, पुन्यांदा आत जायची, पुन्यांदा खाडकन. तुमी लेकरू वाढवलं आसंल तर तुमाला कळंल. न्हाई, तसं नको. कळावं म्हणून न्हाई सांगत.

तनूचे लंगोट मी कुंपणावरच वाळत घालायची. मॅडमला ते आवडायचं न्हाई, पण त्या कुटं बघायला येत्यात? एका दिशी वैतागून त्यातलाच एक लंगोट वढला, बोळा केला आन् खटका जितं बसतो त्या खाचंत कोंबला. गेट मऊ येऊन टेकलं. आवाज न्हाई. लांबनं बघितलं तर लागलेलंच दिसतंय. तनू झोपली ती दीड तास झोपली. दीड तास! मी त्या दिशी केस धुतले, जेवले, बसून जेवले.

मग काय, सवयच झाली. सकाळी लंगोट काढायचा, खटका वाजवायचा, व्हिडिओ पाठवायचा, अंगठा आला की पुन्यांदा कोंबायचा. माझा एक कायदा व्हता माझ्यापुरता — पावणं आसली की काढायचा. शनवारी-रईवारी काढायचाच. पाळला मी त्यो. त्या रईवारपातूर पाळला.

आदल्या दिशी तनूला सुई दिलेली. मांडी सुजली, अंग तापलं. रईवारी ती दुपारी तीनला कुटं डोळा मिटली. पावणं जेवून हॉलमदी आडवी झाली व्हती, ताई तेवढ्या लेकराला घिऊन टाकीत पायरीवर बसलेल्या. ओले टावेल आणायला मी टाकीकडं निघाले. मनात आलं, पाचच मिंटं. लंगोट कुंपणावरच व्हता. वला व्हता. तसाच कोंबला.

मी टावेल घिऊन भायेर आले आन् भज्याचं पीठ भिजवाया व्हरांड्याच्या पायरीवर बसले. लंगोट तसाच. थोड्या वक्तानं ताई भायेर आल्या. हे मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. कडंवर इहान — मला त्याचं नाव आजून नीट म्हणता येत न्हाई — दुसऱ्या हातात चपला. गेट त्यांनी मागं सोडलं, ते येऊन टेकलं. तरी त्या वळल्या आन् एकदा हातानं दाबून बघितलं. दाबून! खटका वाजायला पायजे ह्ये त्यांना कोण सांगणार? ते सांगायचं काम माझं व्हतं. माझ्याकडं बघून त्यांनी व्हटावर बोट ठिवलं आन् हळूच इचारलं, "झोपली का तुमची परी?" आन् माझ्या लेकराची झोप मोडू नये म्हणून त्या पायाचा आवाज न करता आत गेल्या.

पुढचं कसं झालं ते कुणी बघितलं न्हाई. पण मला ते रोज दिसतं. लेकरू आडीच वर्साचं. हॉलातनं मागल्या दारानं भायेर आलं आसंल. माझी पाठ व्हती, तेल तापतंय का बघाया मी आत गेले व्हते. त्यानं गेट वढलं, उघडलं. आत गेल्यावर गेट आपलं आपण मागं येऊन टेकलं. लागल्यासारखं.

म्हणून तर सगळी गाडीखाली बघत व्हती.

आता ज्याच्यासाठी एवढं फिरत बसले ते सांगते. मी पळाले. सगळ्यांच्या आदी पळाले, हे खरं हाय, आन् लोकांना एवढंच ठावं हाय. गेटापाशी पोचले. गजांतनं मला त्यो दिसला. पालथा. लाल टोपी बाजूला तरंगत व्हती. हात आसे दोन्हीकडं. आन् मी — मी पयल्यांदा लंगोट काढला.

वला व्हता, आडकला व्हता. एका हातानं निघंना. दोन्ही हातांनी वढला. तीन श्वास गेले आसतील. चार? मी मोजले न्हाईत, पण माझ्या छातीनं मोजलेत. त्यो काढून कंबरंला खवला, वर पदर वढला, आन् मग उडी मारली.

लेकरू पाण्यात दिसत आसताना मी चिंधी लपवत व्हते.

त्याला वर काढलं. व्हट जांभळे. त्याच्या बापाला कंपनीत शिकवलेलं व्हतं, त्यानं फरशीवर घिऊन छाती दाबली, तोंडात फुकलं. ताई नुसत्या उभ्या. मग पाणी आलं, उलटी आली, आन् त्यो रडला. आसं रडणं मी कंदी ऐकलं न्हाई. गाडीत घालून पिरंगुटला दवाखान्यात नेलं. दोन दीस ठिवलं. वाचला. बरा झाला. तुमी भ्यायला आसाल तर हितं सुस्कारा टाका. मला टाकता आला न्हाई.

गाडी निघायच्या आदी त्या बापानं मला इचारलं, "आत गेला कसा? गेट तर बंद होतं ना?"

सगळी माझ्याकडं बघाया लागली. कंबरंला वला लंगोट, त्याचं पाणी परकरात उतरतंय. मी म्हणले, "गेट नीट लागलं नव्हतं, दादा. मगाशी ताई भायेर आल्या, त्या वक्ताला ऱ्हायलं आसंल."

एवढंच. ऱ्हायलं आसंल. किती मऊ बोलले बघा.

ताईंच्या सासूबाईंनी तितंच त्वांड सोडलं. "एवढं एक लेकरू सांभाळता येईना का गं तुला? मोबाइलात डोकं, ध्यान कुठं असतं तुझं? परक्या बाईनं काढला म्हणून, नाहीतर काय घेऊन गेलो असतो आपण घरी?" ताईंच्या हातात मोबाइल नव्हताच. चपला व्हत्या. मी बघितलं व्हतं. ताई माझ्याकडं बघत व्हत्या, डोळ्यांनी मलाच इचारत व्हत्या, मी दाबलं होतं ना? मी खाली बघितलं. मग त्याच म्हणाल्या, "हो. माझ्याकडूनच राहिलं असेल."

मी खरं बोलले आसते तर काय झालं आसतं? बंगला सुटला आसता. पोलिस आले आसते का? नवऱ्यानं काय केलं आसतं? तनूला घिऊन माघारी ताम्हिणीला माहेरी, भाताच्या चार तुकड्यांवर भावजयीच्या हाताखाली? तुमी काय केलं आसतं माझ्या जागी? — ह्यो सवाल मी तीन वर्सं सगळ्यांना मनातल्या मनात इचारतीया. धुणं धुताना, भाकरी थापताना. माणूस दिसलं की इचारते, तुमी काय केलं आसतं? आता न्हाई इचारत. तुमी जागंवर नव्हता. मी व्हते.

त्या दिशी लंगोट मी चुलीत घातला. वला व्हता, जळंना, धूर नुसता. नवरा म्हणला, काय जाळतीयास? म्हणले, फाटका व्हता. त्या दिसापासनं खटका रोज वाजतो. तनू दचकून उठायची, रडायची, मी रडू द्यायची. मॅडम आल्या तवा मला साडी नेसवली, वटी भरली. "तू होतीस म्हणून," म्हणाल्या. आता येणाऱ्या पावण्यांना त्या मला दाखवतात, हिनं पोराला वाचवलं. पावण्यांतल्या बायका माझा हात हातात घेत्यात.

आन् ताई फोन करत्यात. इहानच्या वाढदिवसाला, दिवाळीला, कंदीमंदी उगाच. पयल्या वर्सी एकदा हसत हसत म्हणाल्या, "अहो, आंघोळ अजून सासूबाईच घालतात त्याला. मला बाथरूममध्ये येऊ देत नाहीत." मी बी हसले. फोन ठिवल्यावर मोरीत जाऊन बसले. मग कळलं, शाळंच्या सहलीला न्हाई पाठवलं, कारण आई म्हणून ताई बरोबर जाणार व्हत्या. मग कळलं, नोकरी सोडली. दर फोनात थोडं थोडं कळायचं. मी "हं" करायची, "जपा ताई" म्हणायची.

ह्या सोमवारी पुन्यांदा फोन आला. ताई पोटुशी हायेत, सातवा लागलाय. मी आनंदानं बोलाया गेले तर त्यांनी मधीच तोडलं. मग म्हणाल्या, सासूबाई म्हणतात बाळ झालं की मी त्याला गावाकडं घेऊन जाईन, तुझ्या भरवशावर दुसरं लेकरू सोडायचं नाही. नवरा काय म्हणतो? — नवरा कायच म्हणत न्हाई.

मग त्यांनी इचारलं. तीन वर्सांत पयल्यांदा त्वांडानं इचारलं. आवाज लई हळू, कुणी ऐकू नये तसा.

"तुम्ही तिथंच पायरीवर होतात ना हो? मला सारखं आठवतं, मी वळून गेट दाबलं होतं. हाताला गार लागलं होतं ते सुद्धा आठवतं. पण घरात सगळे म्हणतात, तुला वाटतं तसं. तुम्ही बघितलं असेल तर खरं सांगा. मी दाबलं होतं का?"

फोन माझ्या कानाला. म्होरं तनू फरशीवर बसून वाटाणे सोलत व्हती, निम्मे खात व्हती. नवरा कामाला भायेर. मला ऐकणारं कुणीच नव्हतं.

मी म्हणले, "मला न्हाई आठवत, ताई. माझी पाठ व्हती."

त्या म्हणाल्या, "बरं." मग म्हणाल्या, "तुमचे उपकार आहेत हो आमच्यावर," आन् फोन ठिवला.

तीन वर्सांपूर्वी मी भ्यालेली व्हते. सोमवारी न्हाई.