ओल्या काळ्यावर पिवळा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — तो म्हणाला असता, एका चित्रावरून एवढं काय? तसं पाहिलं तर काहीच नाही.

मी केजला एका शाळेत चित्रकला शिकवते. सुनंदा आमच्याच शाळेत, खालच्या वर्गांना. मूळची शिरूर कासारची. लहानपणी आईबापाबरोबर दरवर्षी ऊसतोडीला जायची. जलरंग छान करायची, आणि मला विचारल्याशिवाय कागदाला ब्रश लावायची नाही. मला ते आवडायचं. कुणाला आवडणार नाही? माझी तिच्यावर माया होती, हेही खोटं नाही.

मग तिनं पहिल्यांदाच तैलरंग आणले आणि जंगल काढलं. आमच्याकडे जंगल कुठलं, बाभळी नि बोडके डोंगर! पण तिचं ते जंगल — काय सांगू तुम्हाला. काळा, गर्द हिरवा, कुठं जरासा तांबडा, रंग लावायच्या चाकूनं जाड थापलेला. खोडं अंगावर आल्यासारखी वाकलेली. आणि मधोमध एक जागा नुसती काळी.

"तोडीवर असताना माय जळतणाला झाडीत जायची," ती म्हणाली. "ती येईस्तोवर मी तिकडंच बघत बसायची. लई भ्या वाटायचं. जमलंय का, ताई?"

जमलं होतं. माझ्या उभ्या जन्मात मला तसं जमलं नव्हतं — आणि माझ्या पोटात दुखलं.

मी म्हणाले, "फार अंधार झालाय गं. मधे पिवळा दे, ऊन पडल्यासारखा. आत्ताच दे, उद्या प्रदर्शनाला पाठवायचंय ना?"

ओल्या काळ्यावर पिवळा दिला की त्याचा हिरवट चिखल होतो. तैलरंग वाळायला दिवस जातात. तिला ते ठाऊक नव्हतं. मला? — चांगलं ठाऊक होतं. ती पिवळा देत गेली, पुसत गेली, पुन्हा देत गेली, काळी जागा पार बरबटली, आणि मी शेजारी चहा पीत उभी होते. शेवटी तिनंच ते चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

त्यानंतर तिनं ब्रश हातात धरला नाही. परवा शाळेत नव्या बाई आल्या, त्यांना माझी ओळख करून देताना म्हणाली, "ह्या ताईमुळं येळेवर कळलं मला, चित्र काढणं आपलं काम न्हाई." हसत म्हणाली. मनापासून म्हणाली.

मीही हसले. म्हणाले, "असू दे गं, तुझं अक्षर किती सुरेख आहे."